म्हातारा खंड्या आणि सव्वा वर्षाची बिजली, दोघांना एकाच गाडीत लातूरहून संभाजीनगरला कसं न्यावं?

वट्ट्यावरची_आई:

नमस्कार सगळ्यांना. मिस्टरांची बदली संभाजीनगरला झालीय, मे च्या दुसऱ्या आठवड्यात लातूर सोडायचंय. सामान ट्रकनं जाईल, त्याचं काही नाही, जीव अडकलाय तो दोन कुत्र्यांत.

खंड्या १३ वर्षांचा, गावठीच. पोरानं पावसात भिजलेला उचलून आणला होता तेव्हा दोन ओंजळीत मावायचा. आता मागचे पाय आखडलेत, सकाळी आधी पुढच्या पायांवर उठतो मग मागचं धड कसंबसं ओढतो, डोळ्यात पांढरं आलंय, आणि दर दोन-अडीच तासाला बाहेर न्यावंच लागतं. नाही नेलं तर जागेवर होतं आणि झालं की कोपऱ्यात तोंड फिरवून बसतो, ते बघवत नाही हो. दुसरी बिजली, जानवळहून आणलेली, कारवानी जातीची शिकारी कुत्री, सव्वा वर्षाची. ती गाडीत एक मिनिट बसत नाही. मागच्या रविवारी दोघांना डॉक्टरकडं नेलं तर तेवढ्या १५ मिनिटांत ती पुढं काय, मागं काय, खिडकीत काय, शेवटी खंड्याच्या कंबरेवरच पाय दिला तिनं आणि तो तिच्यावर गुरगुरला. तिला आणल्यापासून पहिल्यांदा. नंतर दिवसभर तिच्याजवळ गेला नाही.

गाडी वॅगनआर आहे. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड असं जायचं. कुणी म्हणायलंय झोपेची गोळी द्या, कुणी म्हणायलंय म्हाताऱ्याला गावाकडं सासूबाईंजवळ ठेवा. ठेवणार नाही, ते तर ठरलंय. बाकी सांगा.

उदगीर_कॅम्पस:

ताई, मी उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. पहिलं म्हणजे झोपेची गोळी स्वतःच्या मनानं अजिबात देऊ नका, खंड्याला तर नाहीच. गुंगीच्या काही औषधांनी बीपी खाली येतं, म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय किडनी आधीच थकलेली असते, वर गुंगीत तोल सांभाळता येत नाही म्हणून वळणावर नुस्ता घसरत राहतो. उलटी होत असेल तर त्यासाठी वेगळी गोळी असते, तिच्यानं गुंगी येत नाही, वजन बघून डॉक्टरच लिहून देतील. पाय दुखायलेत म्हणून घरातली माणसांची गोळी पण नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, ह्यातलं काहीही कुत्र्याला घात करू शकतं, पोटात अल्सर होतो, लिव्हर किडनी जाते.

दुसरं ऊन. कुत्र्याला घाम पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच, बाकी अंग थंड करायचं ते धापा टाकूनच. नॉर्मल ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, १०४ च्या वर गेला की इमर्जन्सी समजायची. जीभ गडद लाल, घट्ट लाळ, चालताना झोकांड्या असं दिसलं की दवाखाना शोधत पळण्याआधी तिथंच साधं पाणी अंगभर ओता, पोट मांड्या पंजे सगळं, वारा लावा, एसी फुल करा आणि मग निघा. तोंडात बळं पाणी ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. मे मधे आपल्याकडं ४२ च्या पुढं जातंय तेव्हा पहाटं ४ ला गाडी हलली पाहिजे, १० पर्यंत पोचायचं.

जेवण निघायच्या आदल्या रात्री लवकर आणि नेहमीपेक्षा कमी, सकाळी उपाशीच. खंड्याला दुखण्याची गोळी पोटात काही घालून द्यायची असेल तर डॉक्टरला विचारून दोन घास दही-भात. पाणी मात्र बंद करू नका, थांबाल तिथं थोडं थोडं. रेबीजच्या लसीचं कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी गाडीतच ठेवा, ट्रकात गेली की सापडत नाही.

चाकूरचा_माळ:

वहिनी, आमच्याकडं तीन पिढ्या कारवानी आहेत म्हणून बिजलीबद्दल सांगतो, बाकीचं डॉक्टर सांगतीलच. ह्या कुत्र्याची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा कितीही आवळा, मागं सरकून झटका दिला की डोकं सुर्रकन बाहेर येतं, आणि एकदा का समोर शेळी नाहीतर ससा दिसला की तुमची हाक तिच्या कानात शिरतच नाही, नजरेवर पळणारी जात आहे ती. हायवेला दार उघडलं आणि ती सुटली तर माणसाच्यानं धरणं होत नाही. तेव्हा छातीचा हार्नेस घ्या, त्याला सीटबेल्टची क्लिप लावा, क्लिप गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. आणि थांबल्यावर आधी काचा बंद, मग हातातला दोर लावायचा, दोर हाताला गुंडाळून झाला की मग क्लिप सोडायची आणि सगळ्यात शेवटी दार. हा क्रम घरातल्या सगळ्यांकडून आत्तापासून करून घ्या, लेकरांकडून तर नक्कीच. घाईत एक जण दार उघडतो आणि तिथंच घात होतो.

तिला दमवून आणा. ३ ला उठून अर्धा-पाऊण तास मोकळ्या मैदानात लांब दोरावर पळू द्या, मग पाणी, मग १५ मिनिटं विसावा, मग गाडी. आणि आजपासून रोज गाडीत बसवा, गाडी चालू न करता. पहिले दोन-तीन दिवस नुस्तं आत बसून घास भरवायचा आणि उतरायचं. मग इंजिन चालू करून. मग गल्लीच्या टोकापर्यंत. तिला सध्या गाडी म्हणजे दवाखाना एवढंच माहितीये ना, म्हणून उड्या मारायलीय.

दुधना_परिसर:

मी हे लिहू की नको करत होते पण लिहिते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे परभणीहून येताना आम्ही धाब्यावर चहाला थांबलो. गाडी लिंबाच्या सावलीत, चारही काचा दोन-दोन बोटं खाली. आमची लॅब्रॅडॉर कुत्री ११ वर्षांची होती, मागं झोपलेली म्हणून उठवलं नाही. चहा, मग पोरांना भजी, बिल, असं करत २० मिनिटं गेली असतील. सावली सरकली होती. परत आलो तर ती आडवी, डोळे उघडे, धाप पण नीट लागत नव्हती. धाब्याच्या पोरांनी ड्रममधलं पाणी ओतलं, एकानं टेबलफॅन वायर ओढून आणून लावला. वाचली, पण त्यानंतर तिची किडनी बिघडली आणि सात महिन्यांत गेली. बाहेर ३५ असलं की बंद गाडीत १० मिनिटांत ४५ होतं हे मला नंतर कळलं. काच दोन बोटं खाली ठेवून फार फरक पडत नाही. ताई, एक माणूस कायम गाडीजवळ. चहा आणून द्यायचा त्याला.

बसायचं म्हणाल तर खंड्याला डिकीत ठेवू नका, तिथं एसीचा वारा पोचत नाही आणि खड्ड्याचा दणका मागच्या चाकावरच सगळ्यात जास्त. मागच्या सीटपुढची पाय ठेवायची खोल जागा असते ना, ती कपड्यांच्या बॅगांनी गच्च भरा आणि वरून वाकळ अंथरा म्हणजे सीटच्या बरोबरीनं सपाट होतं, ब्रेक लागला तरी तो खाली कोसळत नाही. तो ड्रायव्हरच्या मागं, मधे तुम्ही, पलीकडं बिजली. तुमचं अंग हीच मधली भिंत. खंड्याला चढवताना उचलण्यापेक्षा फळी लावा, फळीवर गोणपाट ठोकलं की पाय सरकत नाही. उतरताना उडी मारू द्यायची नाही, काहीही झालं तरी.

आणि ती वाकळ धुवू नका. म्हातारी कुत्री नवीन घरात रात्री भांबावतात, भिंतीकडं बघत उभी राहतात. त्याच्या स्वतःच्या वासाचं काहीतरी पाहिजे तिथं.

उदगीर_कॅम्पस:

वाकळीचं एकदम बरोबर. अजून एक राहिलं, दोघांना शू साठी उतरवाल तेव्हा वाळलेल्या गवतात सोडू नका. कुसळं पंजाच्या फटीत नाहीतर कानात शिरली की आत आतच सरकत जातात. गोचीडाचं औषध निघायच्या आधी देऊन घ्या, धाब्याच्या मागं मोकाट कुत्री बसतात तिथं गोचीड हमखास. शक्यतो पेट्रोल पंपाची मोकळी फरशी बघा, पण पहाटंच, नंतर ती तापते. हाताचा उलटा तळवा फरशीला टेकवून बघायचा, पाच-सात सेकंद सहन झालं तरच उतरवायचं.

वट्ट्यावरची_आई:

सगळ्यांचे खूप खूप आभार. दुधना ताई, तुमचं वाचून मिस्टरांनी स्वतःहून म्हटलं की गाडीजवळ मी थांबत जाईन. तुमच्या लॅबीबद्दल फार वाईट वाटलं.

दहा दिवस झाले, कळवते. हार्नेस मागवला. बिजलीला रोज गाडीत जेवण देतोय, चौथ्या दिवसापासून दार उघडलं की स्वतः आत जाऊन बसायलीय. सुतारानं साडेचार फुटाची फळी करून दिली, आधी खंड्या तिच्यावर पायच ठेवेना, मग फळी दोन दिवस वट्ट्याच्या पायरीला लावून ठेवली तेव्हा कुठं त्याला कळलं. डॉक्टरांनी त्याची रक्ततपासणी केली, किडनी ठीक आहे म्हणाले, सांध्याची गोळी बदलून दिली.

काल पहाटं रेणापूरपर्यंत जाऊन आलो. मी मधे बसले. बिजली जाताना कुईकुई करत होती, येताना माझ्या मांडीवर नाक टेकवून झोपली. खंड्या वाकळीवर पूर्ण वेळ उभाच राहायला बघत होता, प्रत्येक गतिरोधकाला पाय थरथरायचे, मग मी त्याच्या कंबरेखाली उशी सरकवली आणि हात छातीवर ठेवला तेव्हा बसला. आता पुढच्या रविवारी अंबाजोगाईपर्यंत जाऊन बघणार. मांजरसुंब्याच्या घाटात वळणं आहेत तिथं त्याला आडवं कसं ठेवावं, दोन्ही बाजूंनी लोड लावले तर चालेल का, हे कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगा.

दुधना_परिसर:

चालेल, पण लोड कडक नको, मऊ. आणि तोंडाच्या बाजूला लावू नका, वारा अडतो. घाटात दादांना म्हणावं मागच्या गाडीनं कितीही हॉर्न वाजवू दे, तुम्ही आपल्या स्पीडनंच चला.