मदत हवी आहे: आमचं एफएम स्टेशन धार्मिक प्रसारकाने विकत घेतलं, आता मराठी कार्यक्रमाचं नाव कोणाचं?

मोगरा_ऑरोरा

मंडळी, नमस्कार. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत, त्यात रेडिओतले आणि वकिलीतलेही आहेत हे ठाऊक आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत एका लहान व्यावसायिक एफएम स्टेशनवर आम्ही काही जण मिळून दर रविवारी सकाळी तासभर मराठी कार्यक्रम करतो. स्टेशनकडून वेळ विकत घ्यायची आणि जाहिराती आपल्या आपण मिळवायच्या, असा व्यवहार. किराणा दुकानदार, घरांचे एजंट, टॅक्स भरून देणारे, नाच-गाण्याचे क्लास घेणाऱ्या बायका, हे आमचे जाहिरातदार. श्रोत्यांत मोठा वाटा इथे मुलांकडे आलेल्या आई-वडिलांचा. त्यांना अॅप उघडता येत नाही असं नाही, पण स्वयंपाकघरातल्या रेडिओचं बटण दाबलं की मराठी ऐकू येतं, याची त्यांना सवय झाली आहे.

आता स्टेशन विकलं गेलंय. घेणारी संस्था ख्रिस्ती संगीत प्रसारित करणारी, ना-नफा, देणग्यांवर चालणारी आहे. देशभर एकच प्रसारण जातं, स्थानिक तास ठेवत नाहीत. म्हणजे आमचा तास जाणार. याबद्दल त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांनी रीतसर पैसे मोजलेत.

अडचण नावाची आहे. आमच्या कार्यक्रमाच्या नावाचा पहिला अर्धा भाग स्टेशनचं टोपणनाव आणि दुसरा अर्धा ‘मराठी’. गणेशोत्सवातल्या स्टॉलचा बॅनर, फेसबुक पान, जाहिरातदारांच्या पावत्या, सगळीकडे हेच नाव. जिंगल स्टेशनच्याच स्टुडिओत झाली. पेटी आमची, आवाज आमच्यातल्या एका काकूंचा, पण शेवटच्या दोन सेकंदांत स्टेशनची ठरलेली धून वाजते आणि फ्रिक्वेन्सीचा आकडा येतो.

हे नाव घेऊन आम्हाला दुसऱ्या स्टेशनवर किंवा इंटरनेटवर जाता येईल का? नाव जुन्या मालकाकडे राहतं की नव्याकडे जातं? जुनी रेकॉर्डिंग आमची की त्यांची? आणि हा सौदा थांबवण्यासाठी सह्या गोळा कराव्यात असं काही श्रोते म्हणताहेत, त्याचा उपयोग होतो का?


ट्रान्झिस्टर

मोगराताई, मी काही वर्षं इथल्या एका स्टेशनच्या तांत्रिक विभागात होतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात लोकांची शक्ती वाया जाते.

सह्यांचा उपयोग होत नाही. परवाना एकाकडून दुसऱ्याकडे जाताना एफसीसीची, म्हणजे रेडिओ-टीव्हीचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाची, मंजुरी लागते आणि हरकत घ्यायला मुदतही असते, पण ‘कार्यक्रमाचा प्रकार बदलेल’ ही हरकत एफसीसी ऐकत नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनच्या श्रोत्यांनी हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. १९८१ मध्ये निकाल एफसीसीच्या बाजूने लागला. कोणतं संगीत वाजवायचं हे बाजार ठरवील, सरकार नाही, असं एफसीसीचं धोरण होतं आणि कोर्टाने ते मान्य केलं. तेव्हापासून हीच वाट आहे.

शिकागोकरांना हे नवीन नाही. ९७.९ द लूप आठवत असेल. १९७९ मध्ये कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या उडवून दंगल माजली, ते याच स्टेशनचे निवेदक स्टीव्ह डाल यांचं प्रकरण. एवढं गाजलेलं रॉक स्टेशन २०१८ मध्ये एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनने, म्हणजे के-लव्ह हे देशव्यापी ख्रिस्ती संगीताचं प्रसारण चालवणाऱ्यांनी, २ कोटी १५ लाख डॉलरला घेतलं. सौद्याची बातमी आल्यावर आठवडाभरात तिथे ख्रिस्ती संगीत सुरू झालं. एफसीसीची अंतिम मंजुरी यायच्या आधीच तात्पुरत्या करारावर खरेदीदाराला प्रसारण चालवता येतं. त्यामुळे तुमचा शेवटचा रविवार तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा बराच लवकर येऊ शकतो. मालकांना तारीख आजच विचारा.


शिरपेच

हे लोक इतकी स्टेशनं घेतात तरी कशी? जाहिराती तर नसतात त्यांच्याकडे.


ट्रान्झिस्टर

जाहिराती नसतात म्हणूनच जमतं. व्यावसायिक कंपन्या कर्जात बुडाल्या. क्युम्युलसने २०१७ मध्ये आणि आयहार्टने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. स्टेशनांचे भाव पडले. समोर देणगीदारांचा पैसा असलेली, कर न भरणारी ना-नफा संस्था रोख घेऊन उभी. एका शहरात एका मालकाकडे किती स्टेशनं असावीत याची मर्यादा व्यावसायिक मालकांना आहे, अव्यावसायिक परवानाधारकांना ती लागू होत नाही. शिवाय स्टेशनच्या गावाजवळ मुख्य स्टुडिओ ठेवायचा नियम एफसीसीने २०१७ मध्ये काढून टाकला. तेव्हा गावात राहतो फक्त टॉवर आणि ट्रान्समीटर, माणूस एकही नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. रात्री वादळाचा भोंगा वाजला की फोन उचलणारं कोणी तरी स्टेशनवर असायचं.


दादरचा_वकील

नावाचा मुद्दा मी घेतो. मी इथे ट्रेडमार्कचं काम करतो. हा सल्ला तुमच्या प्रकरणातला कायदेशीर सल्ला नव्हे, पण दिशा सांगतो.

स्टेशन विकलं जातं म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकत्रच जातात असं नाही. एक परवाना, म्हणजे ती फ्रिक्वेन्सी. दुसरा टॉवर आणि यंत्रं. तिसरं कॉल साइन, ती डब्ल्यू किंवा के ने सुरू होणारी अक्षरं. आणि चौथं टोपणनाव, बोधचिन्ह, जिंगल, वेबपत्ता, फेसबुक पान. धार्मिक प्रसारकाला बहुतेक वेळा पहिल्या दोन गोष्टीच हव्या असतात. त्यांचं स्वतःचं नाव देशभर एकच असतं, तुमचं टोपणनाव घेऊन ते काय करणार?

उदाहरण बघा. २०१७ मध्ये एंटरकॉम या रेडिओ कंपनीने लॉस एंजेलिसचं १००.३ द साउंड हे स्टेशन इतर दोन स्टेशनांबरोबर एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनला विकलं. फ्रिक्वेन्सी गेली, पण ‘द साउंड’ हे नाव आणि केएसडब्ल्यूडी ही अक्षरं एंटरकॉमने आपल्याकडे ठेवली आणि थोड्याच दिवसांत सिअॅटलच्या ९४.१ वर लावली. न्यूयॉर्कमध्ये उलट झालं. ९५.५ डब्ल्यूपीएलजे हे १९७१ पासूनचं नाव. २०१९ मध्ये क्युम्युलसने ते इतर पाच स्टेशनांसकट १० कोटी ३५ लाख डॉलरला विकलं. तिथे के-लव्ह सुरू झालं, पण अक्षरं डब्ल्यूपीएलजेच राहिली. दर तासाला कॉल साइन आणि गाव सांगणं बंधनकारक असल्यामुळे ते नाव तिथे अजून उच्चारलं जातं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. परवाना हस्तांतराच्या अर्जाला खरेदी-विक्रीचा करार जोडावा लागतो आणि तो एफसीसीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. स्टेशनची अक्षरं टाकून अर्ज शोधा. करारात ‘वगळलेली मालमत्ता’ असा भाग असतो. टोपणनावं, जिंगल, वेबपत्ते, समाजमाध्यमांची पानं बहुधा तिथे सापडतील. तिथे असतील तर ती जुन्या मालकाकडेच राहिली आणि तुमची बोलणी त्यांच्याशी. नसतील तर नव्या संस्थेशी.

मालक नाव वापरायला हरकत नाही म्हणाले तरी तेवढ्यावर थांबू नका. परवानगी उद्या मागे घेता येते. कार्यक्रमाच्या नावावरचे हक्क तुमच्या नावे केले, असं एका पानावर लिहून, सही करून घ्या. सौदा पूर्ण होण्याआधी. नंतर मालक फ्लोरिडाला गेलेले असतात, फोन लागत नाही.


नगरकर_७१

मोगराताई, धाग्याला जरा वेगळं वळण देतोय. मी मूळचा नगरचा ख्रिस्ती. माझी आई इथे आली की स्वयंपाकघरात असंच एक स्टेशन लावून ठेवते. इंग्रजी फारसं कळत नाही, पण गाण्यातला भाव कळतो म्हणते. तुम्ही ‘भांडण नाही’ असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. नाहीतर अशा चर्चा लगेच धर्मावर घसरतात.

एक माहिती देतो. स्थानिक नाव पुसलं जाण्याचं दुःख आमच्याकडेही आहे. सेलम मीडिया ही धार्मिक पण व्यावसायिक कंपनी. अटलांटा, डॅलस, लॉस एंजेलिस वगैरे ठिकाणची त्यांची ख्रिस्ती संगीताची सात स्टेशनं ८ कोटी डॉलरला याच फाउंडेशनकडे गेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून तिथे देशव्यापी प्रसारण लागलं. अटलांटाचं १०४.७ द फिश मी रोज गाडीत ऐकायचो. गाणी पुष्कळशी तीच राहिली, पण सकाळी आमच्या चर्चची भाजी-भाकरीची विक्री जाहीर करणारा माणूस गेला. तुमचं दुःख मला कळतं, एवढंच सांगायचं होतं.


शिरपेच

भारतात असं होऊ शकतं का? पुण्यातलं एखादं एफएम उद्या एखाद्या मठाने घेतलं तर?


दादरचा_वकील

नाही. भारतातल्या खासगी एफएमच्या धोरणात धार्मिक संस्था आणि त्यांच्या नियंत्रणाखालच्या कंपन्या परवान्याला अपात्र आहेत. राजकीय संस्थाही. तिथे हा प्रश्न दारातच अडतो.


सुरेल_सॅनहोजे

ताई, रेकॉर्डिंगचं बघा नीट. मी इथे एका मराठी इंटरनेट रेडिओसाठी हक्कांचं काम बघते.

अमेरिकेत एफएमवर गाणं वाजवलं की गीतकार-संगीतकारांचे पैसे स्टेशन एकगठ्ठा भरतं, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला मात्र काही द्यावं लागत नाही. इंटरनेटवर गेलात की ध्वनिमुद्रणाचेही पैसे लागतात, ते साउंडएक्स्चेंज या वसुली करणाऱ्या संस्थेमार्फत. आणि पॉडकास्ट म्हणून फाइल उतरवून घ्यायला दिलीत तर ती सोय चालत नाही, गाण्याच्या कंपनीकडूनच परवानगी आणावी लागते. म्हणून जुने तास जसेच्या तसे नेटवर चढवू नका. मुलाखती, वाचन, श्रोत्यांचे फोन वेगळे काढा, ते तुमचं खरं धन आहे. मूळ फाइल स्टेशनच्या संगणकावर असतील तर या रविवारी हार्ड डिस्क घेऊन जा. यंत्रं विकली जातात तेव्हा त्यातलं काय पुसलं गेलं हे कोणी बघत नाही.

जिंगलची शेवटची दोन सेकंदं कापा. काकूंकडून मात्र लेखी संमती घ्या, ओळखीच्या आहेत म्हणून राहू देऊ नका.


ट्रान्झिस्टर

आणि नवी जागा शोधताना एक लक्षात ठेवा. एखाद्या कॉलेजच्या किंवा सामुदायिक अव्यावसायिक स्टेशनवर गेलात तर आताच्या जाहिराती तिथे चालणार नाहीत. प्रायोजकाचं नाव, पत्ता, तो काय विकतो इतकं सांगता येतं. ‘आंब्याची पेटी अमुक डॉलरला’, ‘आजच या’, ‘सगळ्यात उत्तम’ हे नाही. किराणावाल्यांना आधीच समजावून सांगा, नाहीतर ते पैसे परत मागतील. व्यावसायिक एएम स्टेशनवर अजून वेळ विकत मिळते आणि स्वयंपाकघरातल्या बऱ्याच रेडिओंवर एएम लागतं. एखाद्या मोठ्या एफएमचा एचडी-२ भाग, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दुसरं डिजिटल प्रसारण, भाड्याने मिळेल, पण त्यासाठी वेगळा रेडिओ लागतो. तुमच्या आजी-आजोबांचा विचार केला तर मी एएम बघेन.


मोगरा_ऑरोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून करार शोधला. वकीलसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच आहे, टोपणनाव, बोधचिन्ह आणि फेसबुक पान वगळलेल्या मालमत्तेत आहेत, म्हणजे जुन्या मालकांकडे. त्यांना फोन केला. ते लिहून द्यायला तयार आहेत, पण टोपणनाव पूर्ण सोडायला नाहीत, कारण ते पुढे इंटरनेटवर वापरायचा त्यांचा विचार आहे. ‘टोपणनाव + मराठी’ एवढंच जोडून आम्हाला द्यायला तयार आहेत.

नगरकर, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. तुमची पोस्ट आमच्या गटात वाचून दाखवली.

वकीलसाहेब, असं अर्धं नाव घेणं शहाणपणाचं आहे का? की आताच नवं नाव घ्यावं आणि शेवटच्या रविवारपर्यंत दोन्ही नावं एकत्र सांगत राहावं?


दादरचा_वकील

दुसरा पर्याय. त्यांचं टोपणनाव इंटरनेटवर चाललं तर तुम्ही कायम त्यांचं उपस्थानक वाटाल, बंद पडलं तर मेलेलं नाव तुमच्या डोक्यावर. जोडनाव एक वर्ष वापरायची लेखी मुभा तेवढी घ्या, म्हणजे बॅनर आणि पावत्या वाया जाणार नाहीत आणि ‘पूर्वीचे अमुक’ असं म्हणता येईल. फेसबुक पानाचे प्रशासकहक्क त्याच कागदावर मागा. नवं नाव ठरलं की आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या यादीत शोधा, मग हवेवर सांगा. कागदाचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतोय.


मोगरा_ऑरोरा

मिळाला. स्टेशनवरून तारीखही कळली, आमच्या हातात अजून दोन रविवार आहेत. नव्या नावासाठी श्रोत्यांचे फोन या रविवारी घेतोय. इथल्या कोणाला सुचलं तर इथेच लिहा, शनिवारपर्यंत.