ऑक्टोबरमध्ये लिमा: तीन दिवस द्यावेत की थेट कुस्को गाठावं?

भटकी_मैना:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरूला जायचं जवळपास ठरलंय, मी, नवरा आणि सासूबाई. माचू पिचू तर आहेच, प्रश्न लिमाचा आहे. जो तो सांगतोय की लिमात काही नाही, आभाळ सारखं कोंदलेलं, ट्रॅफिक भयंकर, विमानतळावरूनच माचू पिचूकडे जायच्या वाटेवरच्या कुस्को शहराचं विमान पकडा. पण एवढं लांब जाऊन पॅसिफिकच्या काठावरची राजधानी नुसती विमानाच्या खिडकीतून बघायची हे काही मनाला पटत नाहीये. तीन दिवस काढता येतील, तर द्यावेत का? राहायचं कुठे? सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, त्यांचं कसं होईल? आणि अमेरिकेचा व्हिसा आहे आमच्याकडे, त्यावर चालतं का?

नकाशावाला:
द्याच तीन दिवस. कोंदलेल्या आभाळाचं म्हणाल तर ते खरं आहे, साधारण जून ते नोव्हेंबर सूर्य फारसा दिसत नाही. किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यावरची हवा गार राहते आणि ढग खालीच अडकून बसतात, पण बरसत मात्र नाहीत कारण हे शहर मुळात वाळवंटात आहे. कधीतरी धुक्याची बारीक भुरभुर होते, तिला तिथे गारुआ म्हणतात. छत्री नको, पातळ जाकीट पुरे. लख्ख ऊन हवं तर डिसेंबर ते एप्रिल, पण तेव्हा कुस्कोकडे पावसाळा, त्यामुळे दोन्हीकडे ऊन असा मुहूर्त लागणं कठीणच. तुमचा ऑक्टोबर मधला आहे, चांगला आहे.

राहायला मिराफ्लोरेस किंवा बारांको. मिराफ्लोरेसला उंच कड्याच्या काठाकाठाने बागा आणि फिरायचा रस्ता आहे, मालेकोन म्हणतात, खाली सरळ समुद्र, सासूबाईंनाही आरामात चालता येईल. तिथूनच थोडं आत वाका पुक्याना आहे, चारी बाजूंनी इमारती आणि मधे मातीच्या विटांचा प्रचंड पिरॅमिड, इंकांच्या कित्येक शतकं आधीचा. जवळ जाऊन विटा बघा, आडव्या रचलेल्या नाहीत, फडताळात पुस्तकं लावावीत तशा उभ्या लावल्यात आणि मधे मधे फट सोडलीय. भूकंपात हलायला जागा मिळते म्हणून भिंत टिकते असं सांगतात. मंगळवारी बंद असतं, तो वार टाळा.

घाटमाथा:
वर सांगितलंय त्याला पूर्ण दुजोरा, फक्त एक आग्रहाने सांगतो, लार्को म्युझियम कुस्कोच्या आधी बघा. बहुतेक लोक शेवटच्या दिवशी वेळ उरला तर जातात, आणि मग तोवर पेरू म्हणजे इंका एवढंच डोक्यात बसलेलं असतं. इंकांचं साम्राज्य जेमतेम शंभर वर्षांचं हो, १५३३ मध्ये स्पॅनिश लोकांनी कुस्को घेतलंच, पण त्यांच्या आधी मोचे, नाझ्का, वारी, चिमू अशा एकामागून एक संस्कृती होऊन गेल्या आणि ते सगळं लार्कोत एका जागी उलगडतं. मोचे लोकांची चेहऱ्याची भांडी आहेत, मातीचे घट, पण प्रत्येकावर वेगळा माणूस, एक हसतोय, एकाच्या कपाळाला आठ्या, ओळखीचं कुणीतरी वाटावं इतके जिवंत. शिवाय ह्यांचं गोदामसुद्धा बघायला खुलं आहे, काचेच्या कपाटांतून छतापर्यंत भांडीच भांडी. अर्धा दिवस ठेवा, घाईत उरकू नका. म्हणून माझं म्हणणं, जाताना दोन दिवस आणि येताना एक. कुस्को सुमारे ३४०० मीटरवर आहे, तिथून उतरून समुद्रसपाटीला आलं की परतीच्या लांबच्या विमानाआधी सासूबाईंनाही बरं वाटेल.

व्हिसा: २०१७ पासून भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या.

तिखटमीठ:
शाकाहाराचं मी सांगते. नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, कोंबडी, मासे, हॅम, अंडं एकेकाचं नाव घेऊन नको म्हणायचं, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारायचं. हे स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून जवळ ठेवा. पापा आ ला वांकाईना नक्की मागवा, उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा दाट रस्सा, वरचं अंडं काढायला सांगा. मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस चीजबरोबर मिळतं. काऊसामध्ये, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याच्या थरांमध्ये, बहुतेक वेळा ट्यूना किंवा चिकन भरतात, अवोकाडो भरून देता का विचारा. गोडात पिकारोनेस, भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, गुळाच्या पाकात, गरमच खायची. जांभळ्या मक्याचं चिचा मोराडा प्यायला. नळाचं पाणी मात्र अजिबात नको. तुमच्या यजमानांना सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे, खायचं असेल तर दुपारी, चांगली सेविचेरिया संध्याकाळपर्यंत बंद झालेली असते.

भटकी_मैना:
किती सविस्तर, मनापासून धन्यवाद! आता नवराही तयार झालाय. आमच्या सगळ्यांच्या मिळून दोन शंका, जुन्या शहरात जायला सोपं काय, आणि १८ ऑक्टोबरला आम्ही तिथे असू, काही विशेष असतं का?

नकाशावाला:
अहो, मग तर नशीबच! १८, १९ आणि २८ ऑक्टोबरला सेन्योर दे लोस मिलाग्रोसची, म्हणजे ‘चमत्कारांच्या प्रभू’ची, मिरवणूक असते, लिमातला सगळ्यात मोठा सोहळा. १६५१ मध्ये अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने मातीच्या भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र काढलं, १६५५ च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं पण ती भिंत उभी राहिली, तिथून ही श्रद्धा सुरू झाली. त्या चित्राची प्रत लास नाझारेनास चर्चमधून खांद्यावर घेऊन निघतात, लोक जांभळ्या वस्त्रांत, पुढे धूप घेतलेल्या बायका. गर्दी अफाट असते आणि रस्ते बंद होतात, म्हणून सासूबाईंना घेऊन आत शिरू नका, कडेच्या रस्त्यावर लवकर जाऊन जागा धरा. फोन आणि पैसे आतल्या खिशात. त्या दिवसांत सगळीकडे तुर्रोन दे दोन्या पेपा नावाचं गोड मिळतं, पण त्यात अंडं असतं, सासूबाईंना नको.

मिरवणुकीचे दिवस सोडून जुन्या शहरात जायचं तर मेत्रोपोलितानो बस, तिची वेगळी लेन आहे त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. मिराफ्लोरेसला बेनाविदेस किंवा रिकार्दो पाल्मा स्टेशन, उतरायचं हिरोन दे ला उनिओनला, कार्ड लागतं. सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या वेळा सोडा. सान फ्रान्सिस्को मठाच्या तळघरात हाडं आणि कवट्या गोलाकार रचून ठेवल्यात, वाट बुटकी आणि अरुंद आहे, सासूबाईंना विचारून मगच उतरा. टॅक्सीला मीटर नसतो, अॅपवरून करा नाहीतर बसायच्या आधी भाडं ठरवा. आणि विमानतळाचं नवीन टर्मिनल १ जून २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळे त्याआधीचे लेख वाचून येण्याजाण्याचं ठरवू नका.