टेस्टचं पान ह्यूगोनेच बनवून द्यावं का? माझं मत: हो

रानवारा:
गावच्या वाचनालयाची साइट मी ह्यूगोवर (साध्या मजकुरातून साइट बनवणारा जनरेटर) केलीये, पुस्तकं शोधायचा सर्च जावास्क्रिप्टमध्ये. नोडमध्ये (म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवून) सगळ्या टेस्ट हिरव्या आणि एका काकूंच्या जुन्या आयफोनवर बटण दाबलं तरी ढिम्म. दोन संध्याकाळी घालवल्यावर सापडलं, रेगेक्समध्ये (मजकूर शोधायच्या पॅटर्नमध्ये) लुकबिहाइंड होतं, म्हणजे ‘याच्या आधी अमुक असेल तरच’ ही अट. क्रोमला ते 2017 पासून कळतं, सफारीत आलं मार्च 2023 मध्ये, 16.4 ला. त्याआधीच्या सफारीला ती ओळच वाचता येत नाही, म्हणून अख्खी फाइल बाद, सर्चबरोबर मेनूही गेला. जनरेटरनेच मोका (टेस्ट चालवणारी लायब्ररी) घातलेलं एक पान द्यावं, उघडलं की टेस्ट त्याच ब्राउझरमध्ये चालतील.

पायरीपायरीने:
नाही पटलं रे. मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) घ्यायचं, एचटीएमएल द्यायचं, एवढंच जनरेटरचं काम. त्यात हे लटांबर कशाला? बाहेरून प्लेराइट लाव, ते आपोआप ब्राउझर चालवून क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट (सफारीचं इंजिन) तिन्ही तपासतं.

रानवारा:
अरे पण प्लेराइटचं वेबकिट ताजं असतं, काकूंचा फोन नाही! तिथे हे पास झालं असतं. पान असेल तर तोच फोन हातात घेऊन पत्ता टाकायचा, फाइल लोड झाली नाही तर पहिलीच टेस्ट लाल.

शाईदौत:
माझं उलटं झालं. मराठी साइटला लुनर (सर्चची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लावलं तर एकही देवनागरी शब्द सापडेना. त्याचा ट्रिमर शब्दाच्या टोकांची ‘अक्षर नसलेली’ चिन्हं छाटतो, आणि साध्या रेगेक्सच्या लेखी अक्षर म्हणजे ए ते झेड, आकडे, अंडरस्कोअर. ‘पुस्तक’ छाटून रिकामं उरतं. हे नोडमध्येही तसंच दिसतं, ब्राउझर कशाला हवा? आधी टेस्टमध्ये मराठी शब्द घाला.

पायरीपायरीने:
हेच म्हणतोय. शिवाय ते पान चुकून लाइव्ह गेलं तर?

रानवारा:
नाही जाणार. नुसतं ह्यूगो चालवलं की प्रॉडक्शन (लाइव्ह जाणारी साइट), ह्यूगोचा सर्व्हर चालवला की डेव्हलपमेंट (आपल्यापुरती), पान फक्त दुसऱ्यात दाखवायचं. सर्व्हरला बाइंड 0.0.0.0 (म्हणजे बाहेरच्या उपकरणांनाही उत्तर दे) आणि बेसयूआरएलला (साइटच्या पत्त्याला) लॅपटॉपचा आयपी दिला की एकाच वायफायवरच्या फोनवर उघडतं, मी परवाच केलंय.

पायरीपायरीने:
मग टेम्प्लेटनेच जमलं की! ह्यूगोत काय बदलायचं राहिलं?

रानवारा:
जमलं, पण काकूंच्या फोनवर सर्च बंद पडल्यावर. नवीन साइट बनवतानाच ह्यूगोने दिलेलं टेस्टच्या पानाचं फोल्डर समोर असतं तर मी पहिल्या दिवशीच काकूंचा फोन मागितला असता.

पायरीपायरीने:
थीम म्हणून दे, उद्या लावतो. ह्यूगोत मात्र नको.