लसीकरणानंतरच्या गाठी, सूज आणि इतर त्रास : आपापल्या प्राण्यांचे अनुभव लिहा

नभा :
काल शेजारची मुलगी मांजरीचे पिल्लू घेऊन घाबऱ्या घाबऱ्या आमच्याकडे आली, कारण रेबीजच्या लसीनंतर त्याच्या पायावर गाठ हाताला लागत होती, आणि मला आमच्या सोनीचे दिवस आठवले. सोनीला दोन्ही खांद्यांच्या मधोमध लस टोचली होती आणि तिथे बोराएवढी टणक गाठ आली होती. डॉक्टरांनी समजावले की या लसीत मृत विषाणूबरोबर शरीराचा प्रतिसाद वाढवणारा घटक, बहुधा ॲल्युमिनियमचा क्षार, असतो. त्यामुळे त्या जागी पेशी जमून गाठ येते आणि काही आठवड्यांत आपोआप विरते. तशी ती विरली, पण तोपर्यंत मी रात्री उठून तिची पाठ चाचपत असे. नव्याने प्राणी पाळणाऱ्यांना धीर यावा आणि धावपळ कधी करायची हेही कळावे, म्हणून आपले अनुभव अवश्य लिहा.

वाटसरू :
धावपळ कधी करायची ते सांगतो. आमच्या पग जातीच्या कुत्र्याला एकाच भेटीत अनेक लसी दिल्या होत्या. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याचे डोळे आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि तो जमिनीवर तोंड घासू लागला. तसेच मागे फिरलो. डॉक्टरांनी एव्हिल आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत सूज उतरली. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये एका वेळी जितक्या जास्त लसी, तितकी अशा प्रतिक्रियेची शक्यता वाढते, हे तेव्हा समजले. पुढच्या वर्षी लसी काही आठवड्यांच्या अंतराने घेतल्या, डॉक्टरांनी आधी एव्हिल दिले, आम्ही अर्धा तास दवाखान्यातच थांबलो आणि काहीही झाले नाही. मात्र वारंवार उलट्या, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, धाप किंवा कोसळणे यांपैकी काही दिसले, तर ॲड्रेनालिनची गरज असते आणि तिथे मिनिटे मोलाची असतात.

शेवंता :
स्वयंपाक करता करता लिहिते आहे. आमचे पिल्लू लस घेतल्यावर एक दिवस मलूल होते, लंगडतही होते, आता ठीक आहे. गाठीवर हळद-तेल चोळावे असे सासूबाई म्हणतात, तर चोळावे का? आणि ताप वाटला तर क्रोसिन चालते का?

नभा :
शेवंताताई, क्रोसिन मुळीच देऊ नका. त्यातील पॅरासिटामॉल मांजरांसाठी प्राणघातक ठरते आणि कुत्र्यांनाही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गाठ चोळू किंवा दाबू नये, असेच आम्हाला सांगितले होते.

कृष्णाकाठ :
आमच्या गोठ्यातल्या गाईंचाही अनुभव इथे नोंदवतो. लाळ्या-खुरकूताची लस तेलयुक्त असते, त्यामुळे मानेवर टोचलेल्या जागी सूज येते आणि एक-दोन दिवस दूध कमी होते. २०२२ मध्ये लंपीची साथ पसरली, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली. त्या वेळीही काही जनावरांना टोचल्या जागी सूज आली आणि गावात काहींनी भीतीने लस नाकारली. ज्यांनी लंपीने अंगभर गाठी आलेले जनावर पाहिले आहे, त्यांना लसीच्या सुजेची भीती वाटत नाही.

मिनूची आई (न्यू जर्सी) :
माझा अनुभव वेगळा आहे आणि तो कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मांजरांमध्ये क्वचित, साधारण १०,००० ते ३०,००० लसींमागे एखाद्या वेळी, टोचलेल्या जागी कर्करोगाची गाठ होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी हा संबंध प्रथम मांडला. म्हणूनच इथे रेबीजची लस उजव्या मागच्या पायात, शक्य तितकी खाली देतात. मिनूची गाठ लसीनंतर महिना उलटूनही वाढत राहिली. गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली किंवा एका महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तिचा तुकडा काढून तपासावा, असा इथल्या डॉक्टरांचा नियम आहे. तपासणीत कर्करोग निघाला आणि पाय काढावा लागला. ती गाठ खांद्यांच्या मध्ये असती, तर आजूबाजूचे पुरेसे मांस घेऊन काढणे फार अवघड होते. मिनू आज तीन पायांवर खिडकीत उडी मारते, आणि ते पाहताना माझे डोळे अजूनही भरून येतात.

शेवंता :
बाई गं, मिनूला माझा खूप खूप लाड सांगा. पण मग रेबीजची लस द्यावी की नाही?

वाटसरू :
द्यावीच. रेबीजची लक्षणे दिसू लागली की प्राणी असो वा माणूस, जवळजवळ कोणीही वाचत नाही, आणि आपल्याकडे हा रोग गल्लीच्या तोंडाशी आहे. दरवर्षी ६ जुलैला, जागतिक प्राणिजन्य रोग दिनी, बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण असते, त्याची चौकशी करा.

मिनूची आई (न्यू जर्सी) :
माझेही उत्तर तेच आहे. मिनूनंतर आणलेल्या मांजरालाही आम्ही लस दिली. शेवंताताई, बाटलीवरची चिठ्ठी लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवून घ्या आणि कोणत्या जागी टोचले तेही शेजारी लिहून ठेवा. गाठ आलीच, तर आठवड्यातून एकदा पट्टीने मोजून तारखेसह नोंद करा. डॉक्टरांना त्या नोंदीचा फार उपयोग होतो.