'सृष्टीची निर्मिती' की 'उत्पत्ती'?

कोथरूडकर: शाळेच्या विज्ञान मंडळाचं भित्तिपत्रक तपासतोय. 'निर्मिती', 'उत्पत्ती', 'उत्क्रांती' तिन्ही एकाच अर्थाने वापरलेत. चालेल का?

शनिवारपेठी: नाही चालणार. 'निर्मिती' म्हटलं की निर्माता आलाच, वाक्यात लिहिलेला नसला तरी. 'उत्पत्ती'ला कर्ता लागत नाही. विज्ञानाच्या मजकुरात 'विश्वाची उत्पत्ती' लिहा. श्रद्धा सांगायची असेल तर 'देवाने सृष्टी निर्माण केली' असं सरळ लिहा. घोटाळा करतात ती 'निसर्गाने पक्ष्यांना पंख दिले' असली वाक्यं. देव काढून त्याच्या खुर्चीवर निसर्गाला बसवलेलं.

व्युत्पन्न: खरी गंमत 'सृष्टी'त आहे. धातू 'सृज्', म्हणजे सोडणे. सर्ग, निसर्ग, उत्सर्जन, विसर्जन ही सगळी त्याचीच. नासदीय सूक्तात (ऋग्वेद 10.129) 'अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन' आहे, देवसुद्धा या विसर्जनानंतरचे! तिथे विसर्जन म्हणजे जग बाहेर पडणं, लकडी पुलाजवळच्या गणपती विसर्जनाच्या नेमकं उलट. 'शून्यातून घडवणं' धातूत नाही. ती ख्रिस्ती धर्मशास्त्रातली कल्पना सांगायची तर 'शून्यातून' हा शब्द वेगळा लिहावाच लागतो.

कोथरूडकर: आणि उत्क्रांती?

व्युत्पन्न: संस्कृतात प्राण देहाबाहेर जाणं, ब्रह्मसूत्रांत (2.3.19) तोच अर्थ. मराठीत शास्त्रीय अर्थ पक्का झालाय, तो राहू द्या. मात्र 'उत्'मुळे मुलांना वर चढणं वाटतं. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच. शिवाय पहिला जीव कसा झाला हे उत्क्रांती सांगत नाही. पुढे वंश कसे बदलत गेले ते सांगते.

शनिवारपेठी: '432 कोटींचा कल्प म्हणजेच पृथ्वीचं वय' असं कुठे असेल तर आधी खोडा. कल्प म्हणजे पुराणांतला ब्रह्मदेवाचा एक दिवस. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. 1956 मध्ये अशनींतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ते जवळपास इतकंच निघालं. 432 कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी, सरलेला काळ नव्हे. गुरुजी संकल्पात 'श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे' म्हणतात, तो हिशेब करा: 71 महायुगांचं (महायुग 43 लाख 20 हजार वर्षांचं) एक अशी सरलेली 6 मन्वंतरं, म्हणजे एकेका मनूचे काळ, त्यांच्या सांध्यातले 7 संधी (प्रत्येकी कृतयुगाएवढा), चालू मन्वंतरातली 27 महायुगं, वर कृत, त्रेता, द्वापार आणि कलीची पाच हजारांवर वर्षं. सरलेल्या काळाची बेरीज 197 कोटी 29 लाख वर्षांच्या आसपास. सूर्यसिद्धांत हा जुना खगोलगणिताचा ग्रंथ त्यातूनही सृष्टी रचायला लागलेली 1 कोटी 70 लाख 64 हजार वर्षं वजा करतो, कारण त्याला ग्रहांची गणितं सुरू करायला एक आरंभबिंदू हवाय. खडकाचं वय तो मोजतच नाही.

कोथरूडकर: बरं. 'सृष्टिनिर्मिती'त 'ष्टि' ऱ्हस्व ना?

व्युत्पन्न: समासात ऱ्हस्व: सृष्टिनिर्मिती, उत्पत्तिस्थान, उत्क्रांतिवाद. सुटा शब्द दीर्घ. शीर्षकात 'उत्क्रांतीवाद' असेल तर छापायच्या आधी बदला.