मेन केबलचं कोटेशन आणि सातव्या मजल्यावरचं थर्माकोल

मोहोड, सचिव (ए-१०२): सर्वांना नमस्कार. मीटर रूममधून वर जाणारी मेन केबल बदलायची आहे. दोन कोटेशन आली, एक पीव्हीसीचं, एक एक्सएलपीईचं (तारेवरच्या प्लास्टिकचे दोन प्रकार). एक्सएलपीईवाला सांगून राहिला की त्याची केबल ९० डिग्री सहन करते, म्हणून तिला आग लागतच नाही. रक्कम जास्त आहे. मतं द्या.

निखिल (बी-७०१): ९० वालीच घ्या ना भाऊ. मे महिन्यात त्या मीटर रूममध्ये उभं राहवत नाही.

पिंपळापुरे काका (ए-३०४): पहिल्यापासून पीव्हीसीच आहे, काही बिघडलं नाही. मेंटेनन्स वाढवू नका.

वैशालीताई (बी-५०३): मोहोडभाऊ, सही करायच्या आधी थोडं थांबा. माझी सगळी नोकरी केबलच्या प्लास्टिकमध्ये गेली, म्हणून सविस्तर लिहिते. उष्णता सहन करणं आणि पेट न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो कॉन्ट्रॅक्टर त्या एकच धरून चालला आहे.

एक्सएलपीई म्हणजे पॉलिइथिलीनच. साधं केबलचं पॉलिइथिलीन ११० डिग्रीच्या आसपास वितळतं, कारण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींवरून घसरायला लागतात. एक्सएलपीईत याच साखळ्या जागोजागी रासायनिक बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. घसरायला वावच उरत नाही, म्हणून ती वाहत नाही. त्यामुळे तिला कायम ९० आणि शॉर्टसर्किटच्या क्षणापुरते २५० डिग्री मान्य आहेत. पीव्हीसीला हेच आकडे ७० आणि १६० आहेत.

पण गाठी मारल्या म्हणून साखळीतला मालमसाला बदलत नाही. पॉलिइथिलीनमध्ये नुसता कार्बन आणि हायड्रोजन, मेणात असतो तोच. ज्योत लागली की साखळीचे तुकडे पडतात, त्यांचा वायू होतो, तो जळतो आणि त्या उष्णतेनं पुढची साखळी तुटते.

पीव्हीसीचं उलट आहे. ती लवकर मऊ पडते, पण तिच्या साखळीत एक सोडून एक कार्बनवर क्लोरीन बसलेला आहे, वजनाच्या सुमारे ५७ टक्के. तापली की आधी हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ज्योत ज्या रासायनिक क्रियेवर चालते तीच तो खंडित करतो, आणि मागे कोळशाचा थर राहतो.

निखिल (बी-७०१): ताई, हे मोजतात कसं?

वैशालीताई (बी-५०३): ऑक्सिजन इंडेक्सनं. पदार्थ जळत राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, तो आकडा. आपल्या हवेत २१ टक्के आहे. पॉलिइथिलीनला १७-१८ पुरतो, म्हणजे पेटलं की जळतच जातं. कडक पीव्हीसीला ४५ च्या आसपास लागतो. केबलची पीव्हीसी मात्र मऊ हवी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घालतात. ते सहसा स्वतः जळणारं असतं आणि आकडा बराच खाली ओढतं. एफआर, म्हणजे ज्योतरोधक, केबलमध्ये वेगळी द्रव्यं घालून तो पुन्हा किमान २९ वर आणलेला असतो. तेव्हा काका, जुनी पीव्हीसी आहे म्हणजे ती एफआर आहे असं नाही.

काल वायरमनकडून दोन तुकडे मागून घेतले आणि गच्चीवर पक्कडीत धरून पाहिले. एफआर पीव्हीसी लायटर धरला तोवर जळली, लायटर काढताच विझली. टोक काळं कडक झालं आणि वास नाकाला झोंबला. एक्सएलपीईच्या आतल्या पांढऱ्या इन्सुलेशनचे थेंब फारसे पडले नाहीत, पण लायटर काढल्यावरही पिवळी ज्योत शांतपणे खाली सरकत राहिली. वास मेणबत्तीचा. घरात कोणी हे करू नका. पीव्हीसीचा धूर छातीला वाईट असतो.

पिंपळापुरे काका (ए-३०४): मग पीव्हीसीच बरी ना जी?

वैशालीताई (बी-५०३): नाही काका. केबल वर नेणारा डक्ट जिन्याला लागून आहे. हायड्रोजन क्लोराइड ओलाव्यात मिसळला की ॲसिड होतं. लोक जिन्यातून उतरत असतील तेव्हा डोळे उघडवणार नाहीत. शिवाय केबलचा करंट ४० डिग्रीची हवा धरून ठरवलेला असतो. मीटर रूममध्ये ५० झालं तर पीव्हीसीची क्षमता सुमारे १८ टक्के घटते, एक्सएलपीईची १० च्या आसपास. रात्री सगळे एसी एकदम चालतात तेव्हा हा फरक कामाला येतो.

माझं मत: आत एक्सएलपीई, बाहेरचं आवरण हॅलोजनमुक्त, म्हणजे क्लोरीनसारखी द्रव्यं नसलेलं. त्या आवरणात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड भरलेलं असतं. साधारण २०० डिग्रीला ते पाणी सोडतं आणि उष्णता शोषतं. धूर कमी, ॲसिड नाही. कोटेशनमध्ये इन्सुलेशन आणि आवरण वेगवेगळं लिहून मागा.

निखिल (बी-७०१): ताई, आम्ही सातव्या मजल्यावर छताला आतून थर्माकोलच्या शीट लावणार होतो. स्लॅब फार तापतो.

वैशालीताई (बी-५०३): अरे, नको रे बाबा! थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यात बेंझिनची कडी (सहा कार्बनची रिंग) आहे, पण ती साखळीच्या बाजूला लटकलेली. १०० डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं, पेटलं की साखळी उलगडत जाऊन स्टायरीन सुटतं आणि काळाकुट्ट धूर होतो. कोळसा जवळजवळ उरतच नाही, म्हणून आगीला आडवं यायला काही नसतं. पार्किंगवर जी पॉलिकार्बोनेटची शीट आहे, तिच्यात कड्या साखळीच्या मधेच ओवलेल्या आहेत. म्हणून ती १४५ डिग्रीपर्यंत ताठ राहते आणि जळताना कोळशाचा थर धरते. तीही अग्निरोधक नाही, पण थर्माकोलपेक्षा कितीतरी बरी.

आणि तुझ्या बेडरूममध्ये ते डोक्यावर असणार, खाली फोम गादी आणि पडदे. स्लॅबला गच्चीवरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारू. ऊन वरच परतलं पाहिजे. सोसायटीनं खर्चात वाटा उचलावा असं मी मीटिंगमध्ये मांडीन.

निखिल (बी-७०१): शीट आणलेल्या नाहीत अजून. ऑर्डर रद्द करतो.

पिंपळापुरे काका (ए-३०४): केबलचा जास्तीचा खर्च दोन हप्त्यांत घ्या, मग माझी हरकत नाही.

मोहोड, सचिव (ए-१०२): दोघांकडूनही ताईंनी सांगितलं तसं कोटेशन पुन्हा मागवतो.

वैशालीताई (बी-५०३): भाऊ, अजून एक. डक्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला केबलसाठी भोकं आहेत, ती उघडीच आहेत. केबल कितीही चांगली घेतली तरी त्या भोकांतून धूर आणि आग वर जाईल. नवीन केबल टाकली की ती फायर स्टॉप मटेरियलनं बुजवायची, हे कामाच्या यादीत लिहा. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम मारून देतो म्हणाला तर ऐकू नका, तो स्वतः पेटतो.

मोहोड, सचिव (ए-१०२): लिहिलं. डक्टच्या दाराआड ज्यांनी चपलांचे स्टँड आणि रद्दी ठेवली आहे, त्यांनी रविवारपर्यंत काढावी. सोमवारी वायरमन माप घ्यायला येतो आहे.