टाचणीच्या अळीचा आखूड कल्ला

प्रश्न: टाचणीच्या (चतुरासारख्या पण सडपातळ, नाजूक कीटकाच्या) अळीला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात, असे वाचले होते, परंतु ओढ्यातून आणलेल्या माझ्या अळीचे दोनच पूर्ण असून तिसरा अगदी आखूड आहे. ही निराळी जात समजावी काय?

उत्तर: तशी शक्यता कमी आहे. कल्ल्याच्या बुडाशी एक कच्चा सांधा असतो. शत्रूने कल्ला पकडला की अळी तो तेथूनच सोडून देते आणि पुढे कात टाकताना तो हळूहळू पुन्हा वाढतो. पाण्याच्या थेंबात ठेवून भिंगाखाली अवश्य पाहा: पात्यातून जाणाऱ्या जाड श्वासनलिका आणि त्यांना फुटलेल्या असंख्य बारीक फांद्या पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या दिसतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कल्ला तुटल्यावर ती गुदमरत नाही काय?

दुसरे उत्तर: सहसा नाही, कारण त्वचेतूनही प्राणवायू शोषला जातो, मात्र साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तिचे हाल होतात, आणि कल्ले वल्ह्यासारखेही वापरले जात असल्याने पोहणे मंदावते. म्हणून बशीतील पाणी उथळ ठेवावे. चतुराच्या अळीचे कल्ले गुदाशयात दडलेले असतात, तर सह्याद्रीतील वाहत्या ओढ्यांत आढळणाऱ्या युफेइडी कुळातील टाचण्यांच्या अळ्यांना पोटाच्या दोन्ही कडांनाही कल्ले असतात.